मागच्या डिफरन्शियलचे तेल घरी बदलताना: पाणी शिरलेल्या एका फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी शिडीसारख्या चासीवर बांधलेली, मागे अखंड अॅक्सल (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आस) असलेली आणि गरजेपुरती पुढची चाके जोडता येणारी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. मालक यंत्रकामात नवखे नव्हते. इंजिनाचे तेल, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामे ते वर्षानुवर्षे स्वतः करत आले होते, मात्र डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटून वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरच्या संचाला) त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. गाडी नदीपात्रांतून अनेकदा गेली होती आणि प्रत्येक वेळी पाणी अॅक्सलच्या वर आले होते. पाण्यातून गाडी नेल्यास डिफरन्शियलचे तेल लगेच तपासावे, अशी सूचना अशा गाड्यांच्या बहुतेक पुस्तिकांत असते. ती वाचून मालकांनी मागचे तेल घरच्या अंगणात बदलायचे ठरवले आणि मोटार दुरुस्तीचा दीर्घ अनुभव असलेल्या एका स्नेह्यांना सोबतीला बोलावले. दोघांच्याही ओळखीचे तपशील येथे वगळले आहेत.

काम दिसायला सोपे आहे: खालचा प्लग काढायचा, तेल गाळायचे, प्लग बसवायचा, वरच्या भोकातून नवे तेल भरायचे. अडचणी येतात त्या कामाच्या क्रमात आणि निघालेल्या तेलाचा अर्थ लावण्यात, आणि हे प्रकरण लिहून ठेवण्याचे कारणही तेच आहे.

हे तेल वेगळे का असते, हेही येथे सांगितले पाहिजे. अशा अॅक्सलमध्ये पिनियन या छोट्या गियरचा अक्ष, तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या क्राऊन व्हीलच्या मध्यरेषेवर नसून तिच्या खाली सरकवलेला असतो. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींत आलेल्या या हायपॉइड रचनेमुळे प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) खाली घेता आला आणि दात मोठे व मजबूत झाले, पण दात एकमेकांवर नुसते गडगडत न जाता लांबीच्या दिशेने घासत सरकू लागले. एवढ्या दाबाखालच्या घसरणीत साध्या तेलाचा थर टिकत नाही. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये घातलेली असतात. ती तापलेल्या दातांवर रासायनिक थर तयार करतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. गियर ऑइलचा तो उग्र वास याच गंधकाचा असतो, आणि या प्रकरणात तो वास पुढे उपयोगी पडला.

समस्या

प्लगला हात लावण्यापूर्वी स्नेह्यांनी मागचा अॅक्सल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बॅटरीच्या उजेडात पाहून घेतला. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेक ड्रमच्या खालच्या कडेला, धुळीचा एक ओला काळपट पट्टा होता. तिथे ओल दिसली की पहिली शंका ब्रेकच्या तेलाची येते. स्नेह्यांनी हातमोजा काढून ती ओल बोटावर घेतली, चोळली आणि हुंगली. ती दाट होती आणि तिला गंधकाचा वास होता. म्हणजे डिफरन्शियलचे तेल अॅक्सलच्या नळीतून बाहेर येऊन सीलच्या (तेल अडवणाऱ्या कडीच्या) ओठावरून ड्रममध्ये झिरपत होते.

आता प्रश्न केवळ तेलबदलाचा राहिला नाही. तेलाने भिजलेले ब्रेक-लायनिंग भरवशाचे राहत नाही, आणि एकाच बाजूचा ब्रेक निसरडा झाला तर जोरात ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते. विचारल्यावर मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एकसारख्या वेगाने जाताना मागून बारीक घूं असा आवाज बऱ्याच दिवसांपासून येत होता, पण तो टायरचा असावा असे त्यांना वाटत होते.

तिसरी गोष्ट अॅक्सलच्या वरच्या बाजूला सापडली. हाऊसिंगमधली (डिफरन्शियलच्या बाहेरच्या आवरणातली) हवा तापून फुगली की तिला बाहेर पडायला तिथे एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ही टोपी वाळलेल्या चिखलाने पूर्ण लिंपली गेली होती आणि बोटाने फिरतही नव्हती.

या तीन खुणा एकत्र ठेवल्या की घटनाक्रम बराचसा उलगडतो. ब्रीदर बंद असेल तर तापलेल्या हाऊसिंगमधला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमजोर सीलमधून बाहेर येते. उलट, तापलेला अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते. बंदिस्त हवा ८० अंश सेल्सिअसवरून २० अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे सहाव्या हिश्शाने घटतो, आणि ही घट दीड मीटरहून अधिक उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी असते. ऑइल सीलचा ओठ आतले तेल आत ठेवण्यासाठी बनवलेला असतो. बाहेरून येणारे पाणी रोखणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. त्यामुळे पाणी जेमतेम अॅक्सलभर असले तरी या ओढीने ते आत खेचले जाऊ शकते. आत पाणी असण्याची शक्यता मोठी होती, पण तेल पाहिल्याशिवाय खात्री होणार नव्हती.

पहिला निर्णय: गाडी उचलायची की नाही

मालकांनी जॅक काढून ठेवला होता. मागचा भाग उचलला की खाली बसायला जागा होईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. स्नेह्यांनी त्याला नकार दिला आणि त्यांची कारणे मला पूर्णपणे पटतात.

डिफरन्शियलमधली तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेवर ठरते. गाडी सपाट उभी असेल तरच ती कड खरी पातळी दाखवते. मागचा भाग उचलला की हाऊसिंग पुढे झुकते, तेल पिनियनच्या बाजूला जाते, आणि मागच्या तोंडावरच्या भोकातून तेल ओसंडेपर्यंत गरजेपेक्षा जास्त भरले जाते. एकच बाजू उचलली तर तेल दुसऱ्या बाजूच्या नळीत उतरते आणि पातळी आणखी फसवी होते.

दुसरे कारण जिवाशी निगडित आहे. काही फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या गियरच्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो, आणि ही गाडी तशीच होती. शाफ्ट पक्का धरला तरी मागचे एक चाक हवेत असेल तर डिफरन्शियल आपले नेहमीचे काम करते: जमिनीवरचे चाक पुढे सरकते आणि हवेतले चाक उलटे फिरते. हातब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घसरू शकते.

अशा गाड्यांखाली सरपटत जाण्याइतकी जागा मुळातच असते. म्हणून गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी ठेवली आणि चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावले. जिथे उचलणे अटळ असेल तिथे चारही बाजू सारख्या उंचीच्या स्टँडवर घ्याव्या लागतात, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नये.

दुसरा निर्णय: वरचा प्लग आधी

मालक खालच्या प्लगला पाना लावणार तेवढ्यात स्नेह्यांनी त्यांना थांबवले. "आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा, मगच खालच्याला हात लावा," असे ते म्हणाले. तेल गाळून झाल्यावर वरचा प्लग सुटला नाही, तर गाडी तेलाविना जागच्या जागी अडकते. उलट वरचा आधी सुटत नसेल, तर आतले तेल आतच राहते आणि विचार करायला अवधी मिळतो.

प्लग सुटला नाही. त्याच्या डोक्यात अर्ध्या इंचाचा चौकोनी खाच होता आणि तो खाच चिखल व गंजाने अर्ध्याहून अधिक भरला होता. रॅचेटची चौकोनी दांडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर आत जात होती. या अवस्थेत जोर लावला असता तर खाचेचे कोपरे गोल झाले असते, आणि मग तो प्लग काढणे हे वेगळेच काम होऊन बसले असते.

यावर चार पर्याय चर्चेला आले. लांब नळी चढवून जोर वाढवणे हा पहिला, पण दांडी खाचेत पूर्ण बसलेली नसताना तो सर्वांत धोक्याचा होता. ब्लो-लॅम्पने तापवणे हा दुसरा. जवळच ब्रेकची नळी आणि तेलाने माखलेली धूळ असल्याने तो बाजूला ठेवला. खालून तेल गाळून नवे तेल ब्रीदरच्या भोकातून भरणे हा तिसरा. तसे भरता येते, पण पातळी तपासायला जागा राहत नाही. चौथा पर्याय वेळ देण्याचा होता, आणि तोच निवडला. अणकुचीदार तारेने खाच तळापर्यंत कोरून स्वच्छ केला, प्लगभोवती गंज सोडवणारे तेल मारले, प्लगच्या डोक्यावर हातोडीचे मोजके ठोके दिले आणि काम दुसऱ्या दिवसावर टाकले.

दुसऱ्या दिवशी दांडी खाचेत पूर्ण बसली. रॅचेट बाजूला ठेवून साधा लांब दांडा लावला आणि झटका न देता एका सरळ ओढीने प्लग करकरत सुटला. आटे शाबूत होते.

जुने तेल काय सांगते

एरवी तेल गाळण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते आणि गाळ सोबत घेऊन निघते, असे सांगितले जाते. पुढच्या डिफरन्शियलच्या बाबतीत तर हातांनी जोडायचे हब (चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे भाग) मोकळे असतील तर आतले गियर फिरतच नाहीत, त्यामुळे चालवण्यापूर्वी हब जोडावे लागतात. येथे मात्र ब्रेक तेलकट असल्याने गाडी चालवायचीच नाही, असे ठरले होते.

या सक्तीचा एक अनपेक्षित लाभ झाला. खालचा प्लग शेवटच्या आट्यावर आला तेव्हा आधी तेल न येता गढूळ पाण्याची बारीक धार आली. रात्रभर गाडी उभी राहिल्याने मोकळे पाणी तळाशी बसले होते. त्यामागून दुधाळ करड्या रंगाचे, फेसाळ तेल घट्ट धारेने आले. गाडी आधी फिरवून आणली असती तर सगळे एकजीव झाले असते आणि केवळ रंगावरून अंदाज बांधावा लागला असता. पाण्याची शंका असेल तेव्हा तेल थंड आणि स्थिर असतानाच गाळावे, असे माझे मत या प्रसंगानंतर पक्के झाले आहे.

प्लगच्या टोकाला लोहचुंबक होता. त्यावर काळपट करडी पेस्ट साचली होती. अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळल्यावर ती मऊ लागली, कणी टोचली नाही. दातांच्या नेहमीच्या झिजेतून असा लगदा जमतोच आणि त्याने घाबरून जायचे कारण नसते. पण पेस्टमध्ये नखाच्या कडेएवढी एक पातळ कपची निघाली. तिची एक बाजू चकचकीत गुळगुळीत, दुसरी खरखरीत तुटलेली होती, आणि ती चुंबकाला चिकटत होती. म्हणजे ती पोलादी होती: दाताच्या कडेची किंवा बेअरिंगच्या पृष्ठभागाची.

या कपचीवर दोघांचे मत जुळले नाही. स्नेह्यांचा कल संपूर्ण गोळा (डिफरन्शियलचा आतला गियरसंच) खोलून पाहण्याकडे होता. मालकांचे म्हणणे असे, की या अॅक्सलला मागून उघडणारे झाकण नाही. आत पाहायचे तर दोन्ही अॅक्सल शाफ्ट ओढून गोळा पुढून बाहेर काढावा लागेल. एका कपचीवरून तेवढे करण्याऐवजी तेल पुन्हा एकदा गाळून आणखी काही निघते का ते पाहावे. शेवटी मालकांचे ऐकले, पण त्याआधी प्रोपेलर शाफ्ट हाताने मागेपुढे हलवून पिनियनची ढिलाई पाहिली. ती वावगी वाटली नाही. कपची कागदात गुंडाळून ठेवली.

तिसरा निर्णय: धुवायचे कसे आणि भरायचे काय

पाणी शिरलेले हाऊसिंग रॉकेलने किंवा डिझेलने धुवायचे, ही सूचना अशा वेळी हमखास पुढे येते. मालकांनीही ती मांडली. रॉकेल सगळे बाहेर येत नाही. बेअरिंगच्या खोबणीत आणि नळ्यांत उरते आणि नवे तेल पातळ करते. शिवाय बेअरिंगवरचा उरलासुरला थरही धुऊन नेते. त्याऐवजी योग्य दर्जाचे साधे खनिज गियर ऑइल भरून, काही काळ गाडी चालवून, ते गाळून टाकायचे आणि मग कायमचे तेल भरायचे, असे ठरले. त्यात तेल जास्त लागते, पण आतला प्रत्येक भाग त्याच दर्जाच्या तेलाने धुतला जातो ज्यात तो चालणार आहे.

तेल निवडतानाही एक चूक थोडक्यात टळली. घरात गियरबॉक्सचे ७५डब्ल्यू-९० तेल उरलेले होते आणि डिफरन्शियलच्या पुस्तिकेतही ७५डब्ल्यू-९० हाच आकडा होता. मात्र डब्यावर जीएल-४ लिहिले होते आणि पुस्तिकेत जीएल-५. ७५डब्ल्यू-९० हा आकडा केवळ घट्टपणा सांगतो. दाब सोसणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण जीएलच्या आकड्यावरून कळते. हायपॉइड दातांना जीएल-५ लागते. उलट दिशेनेही अदलाबदल करू नये, कारण गियरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गियर सहज बदलू देणाऱ्या कड्यांना) जीएल-५ मधले गंधक बाधू शकते. गियर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशीही ताडून पाहू नयेत. त्यांची मोजपट्टी वेगळी आहे आणि गियर ऑइलचे ९० घट्टपणाने साधारण इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या आसपास येते.

या गाडीत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे फिरत राहणे रोखणारे) नव्हते, हेही पुस्तिकेवरून खात्री करून घेतले. क्लच प्लेटा असलेले लिमिटेड-स्लिप असते तर त्यासाठी घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य असलेले तेल लागले असते. नाहीतर हळू वळणांवर मागून कडकड असा आवाज आणि धक्के येतात.

प्रत्यक्ष कृती

खालचा प्लग नव्या वॉशरसह टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या मापानुसार आवळला. खनिज तेलाचा डबा कोमट पाण्यात ठेवून तेल थोडे पातळ करून घेतले आणि हातपंपाने भरले. भोकाच्या कडेवरून तेल ओसंडू लागले तेव्हा पंप थांबवला, पण प्लग लगेच लावला नाही. तेल नळ्यांत पसरायला वेळ घेते; दहा मिनिटांनी पातळी कडेच्या खाली गेली होती आणि आणखी थोडे तेल मावले. ही वाट न पाहिल्यास पातळी कमी राहते आणि पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल अपुरे मिळते. पातळी जास्त झाली तर तेल घुसळून फेसाळते, तापते आणि पुन्हा सीलवर दाब आणते.

गाडी इतक्यात चालवायची नव्हती, तरी तेल त्याच दिवशी भरले. ओले गियर उघडे राहिले तर गंज लवकर धरतो, हे एक कारण. आणि रिकाम्या डिफरन्शियलची गाडी घरातल्या कोणी अनवधानाने सुरू करू नये, हे दुसरे.

ब्रीदरची टोपी काढून तिच्या जागी नळी जोडली आणि ती वर मागच्या दिव्याच्या आतल्या पोकळीत नेऊन पक्की केली. पुढच्या डिफरन्शियलचे तेलही वरचा प्लग काढून तपासले. ते स्वच्छ होते, आणि त्याचे कारणही समोरच होते: त्याची ब्रीदर नळी कारखान्यातूनच उंच इंजिनकक्षात नेलेली होती. ट्रान्स्फर केसमध्येही पाणी नव्हते.

सील बदलायचे काम मात्र घरी केले नाही. त्यासाठी अॅक्सल शाफ्ट ओढावा लागतो आणि त्यावरचे दाबून बसवलेले बेअरिंग काढायला प्रेस लागतो. गाडी चालवत न नेता वाहून नेणाऱ्या ट्रकवर चढवून कार्यशाळेत नेली. तिथे दोन्ही बाजूंचे सील आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक-लायनिंग बदलले. शाफ्ट बाहेर असताना नळ्यांच्या टोकांत अडकलेले पाणीही पुसून घेता आले. नुसत्या तेलबदलाने ते कधीच निघाले नसते.

निघालेले सगळे तेल झाकणाच्या डब्यांत भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या ठिकाणी दिले. पाणीमिश्रित तेलाचा डबा वेगळा ठेवून त्यावर तसे लिहिले होते.

परिणाम

काही दिवसांच्या नेहमीच्या प्रवासानंतर खनिज तेल गाळले. त्यात हलकी धूसर झाक होती, मोकळे पाणी नव्हते, चुंबकावर थोडी मऊ पेस्ट होती आणि दुसरी कपची निघाली नाही. मग पुस्तिकेतले जीएल-५ तेल भरले. पुढे एकदा पाण्यातून गेल्यावर भरायच्या भोकातून थोडे तेल काढून पाहिले, ते स्वच्छ होते. ड्रमच्या कडाही कोरड्या राहिल्या.

घूं असा आवाज गेला नाही. तो वाढलाही नाही, पण नवे तेल झिजलेला पृष्ठभाग भरून काढत नाही, आणि पाण्यात चाललेल्या बेअरिंगवर गंजाचे सूक्ष्म खड्डे राहिले असण्याची दाट शक्यता आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधीचा टप्पा नदीकाठचा होता. पाण्यात उतरण्यापूर्वी थोडा वेळ थांबून अॅक्सल निवू दिला असता तर आतली ओढ बरीच कमी झाली असती. ब्रीदरची टोपी बोटाने फिरवून पाहायला तर काहीच वेळ लागत नाही. आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा टायर अदलाबदल करून पाहिले असते, तर तो टायरचा आहे की अॅक्सलचा हे तेव्हाच कळले असते आणि पाणी इतके दिवस आत राहिले नसते.

भरायचा प्लग काम सुरू करण्याच्या आठवडाभर आधीच सोडवून, आटे साफ करून पुन्हा बसवून ठेवला असता, तर ऐन वेळची अडवणूक टळली असती. नवा प्लग बसवताना आता त्याचा खाच ग्रीसने भरून ठेवला आहे, जेणेकरून चिखलाला जागा राहणार नाही.

कपचीबाबत मात्र मी स्नेह्यांच्या बाजूचा आहे. कार्यशाळेत दोन्ही अॅक्सल शाफ्ट बाहेर आलेलेच होते. गोळा काढायला फक्त प्रोपेलर शाफ्ट आणि पुढचे नट उरले होते. त्याच वेळी दातांवरचा स्पर्शाचा ठसा, बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) आणि बेअरिंग पाहून घेतले असते, तर आवाजाचे मूळ समजले असते. आता तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. पुढचे तेल नेहमीच्या अर्ध्या अंतरावरच गाळायचे, चुंबकावर आणखी एक जरी कपची सापडली तरी गोळा खोलायचा, आणि तोपर्यंत या गाडीने जड ट्रेलर ओढायचा नाही, असे मालकांनी ठरवले आहे.